जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर चार दिवस

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठे जायचे? मुले मोबाइलवर मालदीवची चित्रे दाखवतात. निळेशार पाणी, पांढरी वाळू, हिरवी झाडी आणि आसपास चिटपाखरू नाही. घरातली मोठी माणसे चित्र पाहतात, 'माशा अल्लाह' म्हणतात, मनातल्या मनात खर्चाचा हिशेब करतात आणि विषय बदलतात. शेवटी एक दिवस हाजीअली, एक दिवस जुहू, की झाली सुट्टी!

पण थोडा विचार केला तर लक्षात येते की मुलांना विमान नको असते, मालदीवही नको असते. त्यांना हवा असतो शांत समुद्र, मोकळी वाळू, पाण्यात उभे असलेले एक बेट आणि घाईत नसलेले आईवडील. या चारही गोष्टी आपल्याला घरापासून एका दिवसाच्या आत मिळू शकतात. रायगड जिल्ह्यातले मुरूड आणि त्याच्या समोरच्या पाण्यातला जंजिरा ही ती जागा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे, सासूबाईंसह, चार दिवस तिथे राहून आलो. त्या सफरीत जे पाहिले आणि जे समजले, ते वाचक भगिनी-बांधवांसाठी लिहीत आहे.

शब्दातच बेट आहे

'जंजिरा' हा शब्द ऐकला की आपल्याला किल्ला आठवतो. खरे तर तो अरबी 'जझीरा' या शब्दाचा कोकणी अवतार आहे, आणि जझीरा म्हणजे बेट. उर्दू शाळेतल्या मुलांना हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातून माहीत असतो. तीन बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला ती 'जझीरानुमा' म्हणतात. मराठ्यांच्या कागदपत्रांतही पाण्यातल्या किल्ल्याला 'जंजिरा' म्हणण्याचा प्रघात होता. अरबस्तानातून व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आलेला एक शब्द मराठीच्या अंगणात असा रुजला की त्याचे माहेर कुणी विचारतही नाही.

आता आपल्या लोअर परळकडे पाहा. आपणही बेटावरचीच माणसे! मुंबई मुळात सात बेटांची, आणि परळ हे त्यांपैकी एक. वरळी आणि मुंबई या बेटांच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत घुसायचे आणि मधला सखल भाग पाण्याखाली जायचा. अठराव्या शतकात हॉर्नबी व्हेलार्ड नावाचा बांध घातला गेला, पाणी अडले, हळूहळू भराव पडला. त्या जमिनीवर पुढे गिरण्या आल्या, चाळी आल्या, आणि आता गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे आहेत. पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की आपल्या गल्ल्यांत पाणी का तुंबते, याचे एक उत्तर या जुन्या खाजणात दडलेले आहे. बेटावर राहूनही आपल्याला समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. ऐकू येतो तो पुलावरचा हॉर्न आणि बांधकामाचा ठोका. म्हणून बेटावरच्या माणसांना बेट शोधायला बाहेर जावे लागते.

सफर

मुरूडला जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक सरळ एसटीने, पेण-अलिबागमार्गे, सुमारे १६५ किलोमीटर. दुसरा पाण्यातून. आम्ही पाण्याचा रस्ता धरला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट साधारण तासाभरात पलीकडे पोहोचवते. वयस्कर माणसांना ही बोट सोयीची, कारण ती मोठी असते आणि फारशी हलत नाही. बोटीच्या कठड्याशी उभे राहून शहर मागे सरकताना पाहणे हीच मुलांसाठी पहिली मौज.

मांडव्याहून अलिबाग, आणि अलिबागहून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला मुरूड. या रस्त्यावर घाई करू नये. रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी ओलांडली की रस्ता समुद्राच्या कडेने जातो. कोर्लईच्या टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि त्याच्या पायथ्याच्या गावात आजही काही कुटुंबे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलतात. पुढे काशीदचा पांढरा किनारा लागतो. तिथे गर्दी असते, बग्ग्या असतात, मोठ्या आवाजातली गाणी असतात. आणखी थोडे पुढे जावे. नांदगाव मागे पडले की सुपारीच्या वाड्यांची सावली रस्त्यावर येते, आणि मग मुरूड.

नमाजची काळजी करण्याचे कारण नाही. मुरूड परिसरात मुस्लिम वस्ती जुनी आहे, मशिदी जवळ आहेत, अजान ऐकू येते. अंतर प्रवासाचे असल्यामुळे कसरची सवलत मिळते. हनफी आणि शाफई मसलकांत तिचे दिवस वेगवेगळे मोजतात, तेव्हा निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यामुळे ताटात कोळंबी आली की आमच्या घरासारख्या मिश्र घरांत एक गोड वाद रंगतो. तो रंगू द्यावा. सुरमई, बांगडा आणि तांदळाची भाकरी यांवर मात्र सर्वांचे एकमत असते!

सकाळची वाळू

मुरूडचा किनारा लांब आणि जवळजवळ सपाट आहे. फजरनंतर तिथे गेलो तर ओहोटी लागलेली, पाणी दूर गेलेले आणि ओल्या वाळूत आभाळ उतरलेले. सूर्य मागच्या डोंगराआडून येतो, त्यामुळे समुद्र आधी करडा, मग रुपेरी आणि मग हळूहळू निळा होतो. बराच वेळ आम्ही कुणी काही बोललो नाही. मुलेसुद्धा गप्प होती, आणि ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना या गोष्टीची किंमत कळेल.

वाळू जवळून पाहिली की ती रिकामी नसते. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतले अन्न चाखतात आणि उरलेल्या वाळूच्या इवल्या गोळ्या करून मागे टाकतात. हजारो गोळ्यांची नक्षी तयार होते, आणि भरती आली की पुसली जाते. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले छोटे पाणपक्षी लाटेच्या कडेने पळत असतात. लाट आली की मागे, गेली की पुढे. कुरआनात जागोजागी जमिनीवर फिरण्याचे आणि अल्लाहची निर्मिती डोळे उघडून पाहण्याचे आवाहन आहे. वर्गात हे आपण शिकवतो. पण चाळीस मिनिटांच्या तासिकेत जे पोहोचत नाही, ते या खेकड्यांनी दहा मिनिटांत मुलांपर्यंत पोहोचवले.

चंद्राची तारीख आणि समुद्र

मुरूडला जाणाऱ्या प्रत्येक घराने एक गोष्ट लक्षात ठेवावी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी याच किनाऱ्यावर बुडाले. तरुण मुले-मुली होती, आपल्याच घरांतल्यासारखी. त्या दिवसानंतर सहल घेऊन निघालेल्या कुठल्याही शिक्षकाला हा समुद्र निव्वळ चित्रासारखा दिसू शकत नाही.

किनारा सपाट असला की माणूस ओहोटीच्या वेळी बेफिकीरपणे आत चालत जातो. पाणी गुडघ्याएवढेच असते. पण भरती फिरली की पाणी समोरून येते तसे मागच्या सखल भागातूनही भरते, आणि परतीच्या वाटेवर खोली वाढलेली असते. म्हणून भरती-ओहोटीची वेळ माहीत असणे हे पोहता येण्याइतकेच गरजेचे आहे.

इथे आपल्या घरातली हिजरी दिनदर्शिका कामाला येते. भरती चंद्राच्या मागे चालते आणि हिजरी महिनाही चंद्रावरच चालतो. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे चाँदरातीच्या आसपास, आणि पुन्हा १४-१५ तारखेला भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि मध्यरात्री येते. ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. या दिवसांत पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. कोळी बांधव याला 'उधाण' म्हणतात. ७-८ आणि २१-२२ तारखेच्या सुमारास उलटे असते. भरती सकाळ-संध्याकाळी, ओहोटी दुपारी, आणि पाण्याची चढ-उतार कमी. याला 'भांग' म्हणतात. मधल्या दिवसांत भरती रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे; नेमकी वेळ गावातल्या माणसाला विचारावी. पण एवढे जरी मुलांना शिकवले तरी रमजानचा चाँद पाहणारे आपले डोळे समुद्राकडेही जाणतेपणाने पाहू लागतील.

आणि भांगाचे दिवस आहेत म्हणून निर्धास्त होऊ नये. २०१६च्या त्या दिवशी आकाशात अर्धा चंद्र होता, उधाण नव्हते. तरीही समुद्राने घेतले. म्हणून नियम एकच: गुडघ्याच्या वर पाणी नको, मुलांचा हात सोडायचा नाही, आणि स्थानिक माणूस 'आता बाहेर या' म्हणाला की वाद न घालता बाहेर यायचे.

पाण्यातला किल्ला

मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवर राजपुरी गाव आहे. तिथल्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात. इंजिनाचा आवाज नाही. शीड वाऱ्याने भरते, दोर ताणला जातो, आणि होडी झुकून चालू लागते. पावसाळ्यात हा प्रवास बंद असतो, आणि शुक्रवारी जुम्याच्या वेळी होड्या थांबतात, हे लक्षात घेऊन जावे. होडीतून किल्ल्याच्या पायऱ्यांवर उतरताना होडी वरखाली होते. वयस्कर माणसांनी घाई करू नये. आमच्या सासूबाई होडीत न बसता धक्क्यावरच्या सावलीत तसबीह घेऊन बसल्या, आणि परतल्यावर त्यांनी आम्हाला राजपुरीच्या निम्म्या गावाची खबरबात सांगितली.

दुरून पाहिले तर किल्ल्याला दरवाजाच दिसत नाही. काळ्या भिंती सरळ पाण्यातून वर आलेल्या. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या मधला दरवाजा अचानक समोर येतो. आत सुमारे २२ एकरांचे जग आहे. पीर पंचायतनचे स्थान, मशीद, पडके वाडे, बुरुजांवरच्या तोफा. त्यांतली 'कलालबांगडी' सर्वांत नावाजलेली. पण मला सर्वांत जास्त थांबवून ठेवले ते आतल्या दोन मोठ्या तलावांनी. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी! कुरआनात गोड आणि खाऱ्या पाण्याचा उल्लेख अल्लाहच्या निशाण्यांत येतो. इथे ते दोन्ही एका भिंतीच्या अंतरावर आहेत.

या बेटावर पिढ्यान्पिढ्या माणसे राहत होती. गेल्या शतकात शेवटची कुटुंबेही किनाऱ्यावर येऊन राहिली आणि बेट मुके झाले. आज पर्यटक निघून गेले की तिथे वारा, घारी आणि तलावाकाठची झाडे एवढेच उरते. 'निर्जन बेट' म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, ते पुष्कळदा कुणाचे तरी सोडलेले घर असते.

हबसाण

जंजिऱ्याचे सत्ताधीश सिद्दी. मूळचे हबशाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. कुणी गुलाम म्हणून विकले जाऊन आले, कुणी सैनिक म्हणून, कुणी खलाशी म्हणून. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर हाही हबशीच होता. लहानपणी विकला गेलेला आणि पुढे राज्य सांभाळणारा. जंजिऱ्याच्या परिसराला जुन्या काळी 'हबसाण' असेच नाव होते. हे संस्थान १९४८पर्यंत टिकले. मुरूडजवळ समुद्राकाठच्या टेकडीवर नवाबांचा राजवाडा अजून उभा आहे. तो खाजगी असल्याने रस्त्यावरूनच पाहावा. राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींच्या जुन्या दगडी कबरी आहेत. तिथे कुणी फारसे जात नाही. फातिहा पढून शांतपणे बसावे अशी ती जागा आहे.

समोरच्या पाण्यात शिवाजी महाराजांनी सिद्दींवर वचक ठेवण्यासाठी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो. दोन्ही किल्ले एकाच नजरेत मावतात. मुलांनी विचारले, 'यांतले आपले कोण?' हा प्रश्न टाळू नये. महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा मुस्लिम सरदार होता, हे मुलांना सांगावे. सिद्दी याकूत खानाने १६८९ साली शिवडीला उतरून माझगाव घेतले आणि इंग्रजांच्या मुंबईला वर्षभर जेरीस आणले, हेही सांगावे. म्हणजे आपल्या परळच्या शेजारपर्यंत या बेटाचा हात पोहोचला होता. लढाया राज्यांच्या होत्या. किल्ले मात्र आता दोन्हीही आपल्या महाराष्ट्राचे आहेत, आणि दोन्हींची पडझड आपलेच नुकसान आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या घरांत आणि वर्गांत सावळ्या मुलाला चिडवताना 'हबशी' हा शब्द सहज फेकला जातो. हजरत बिलाल (रजि.) हबशी होते. मक्केत छळ झाला तेव्हा मुसलमानांनी पहिली हिजरत केली ती हबशाच्या भूमीकडे, आणि तिथल्या नजाशी बादशहाने त्यांना आसरा दिला. हा शब्द शिवी कसा असू शकेल? किल्ल्याच्या तटावर उभे राहून, आफ्रिकेच्या दिशेने पसरलेल्या समुद्राकडे बोट दाखवून हे सांगितले की मुलांना ते पटते. माझ्या धाकट्या मुलीने परत आल्यावर वर्गमैत्रिणीला हे स्वतःहून समजावले. चार दिवसांची एवढी कमाई मला पुष्कळ वाटली.

जंगल आणि वाडी

एक दिवस फणसाडसाठी ठेवावा. नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान १९८६ साली अभयारण्य झाले. सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे हे जंगल समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. रानातल्या पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात. सकाळी लवकर गेले आणि आवाज न करता चालले तर उंच झाडावर शेकरू दिसते. तांबूस अंगाची, लांब झुपकेदार शेपटीची मोठी खार, आपला राज्यप्राणी. आम्हाला एकच दिसले, तेही क्षणभर. पण शिकाऱ्याचे रान प्राण्यांचे घर झाले, ही गोष्टच मनाला बरे वाटायला लावणारी आहे.

आणि वाडीत राहावे. मुरूड आणि आसपास अनेक कुटुंबे घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात. नारळ-सुपारीची सावली, विहीर, अंगण आणि घरचे जेवण. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. काही तासांत सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. सुपारीचे झाड लावल्यापासून पीक हाती यायला पाच-सात वर्षे जातात. म्हणजे वडिलांनी लावलेले एका दुपारी गेले आणि मुलांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली. आपण ज्या सावलीत खुर्ची टाकून बसतो, ती कुणीतरी रोपापासून पुन्हा उभी केलेली आहे. अशा घरी दिलेले भाडे मोठ्या रिसॉर्टमध्ये दिलेल्या पैशांपेक्षा जास्त दूर पोहोचते.

शांततेचे मेहमान

१२ जानेवारी २०२४ला शिवडीहून निघणारा अटल सेतू सुरू झाला आणि रायगड मुंबईच्या आणखी जवळ आला. रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी पुढच्या खाड्यांवरही पूल आखले आहेत. स्थानिकांना दवाखाना, कॉलेज, बाजार जवळ येईल, ही चांगली गोष्ट आहे. त्यांनी आपल्या शांततेसाठी गैरसोयीत राहावे असे म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही. पण पुलावरून गाड्यांबरोबर काय पोहोचेल, हे आपल्या हातात आहे. मोठ्याने लावलेली गाणी, वाळूवर फिरवलेल्या गाड्या, लाटेत सोडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या पोहोचल्या, तर पाच-दहा वर्षांत मुरूडचेही जुहू होईल.

इस्लाममध्ये मेहमानाचे हक्क आहेत तसे मेहमानाचे अदबही आहेत. यजमानावर ओझे व्हायचे नाही, त्याच्या घरात आवाज चढवायचा नाही, उठताना जागा स्वच्छ करून उठायचे. रस्त्यातला काटा बाजूला करणे हाही ईमानचाच भाग, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. वाळूतली काच उचलणे त्यात येतेच. समुद्रकिनारा म्हणजे यजमान नसलेली जागा नव्हे. कोळी, वाडीवाले, होडीवाले, मशिदीतले मुअज्जिन आणि वाळूतले खेकडे हे सारे तिथले यजमान आहेत. तिथली शांतता त्यांनी राखलेली आहे, म्हणून आपल्याला चार दिवस उसनी मिळते.

येत्या सुट्टीत जमेल त्यांनी जरूर जावे. सोबत जास्त सामान नको. एक जानमाज, एक पाण्याची बाटली, एक कापडी पिशवी आणि हिजरी दिनदर्शिका पुरे. वृद्ध आईवडिलांना अवश्य न्यावे. आपल्यापैकी किती घरांत म्हातारी माणसे वर्षानुवर्षे खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत पाहत बसलेली असतात! त्यांना एकदा सकाळच्या ओल्या वाळूवर अनवाणी चालू द्यावे. अल्लाहने ही कुदरत सर्वांसाठी खुली ठेवली आहे; तिचे तिकीट मालदीवच्या तिकिटाएवढे महाग नाही. तिची किंमत एवढीच, की आपल्यानंतर येणाऱ्यालाही ती तशीच मिळावी.